चेपलेल्या दाराचा इतिहास

मराठीत 'पोचा' हा फार नेमका शब्द आहे. तांब्याचा हंडा पायरीवर आपटला की त्याला पोचा पडतो, पितळेच्या घागरीला पडतो, ॲल्युमिनियमच्या डब्याला तर पडतोच पडतो. उर्दूत आम्ही 'पिचक गया' म्हणून काम भागवतो. मोटारीच्या दाराला पडलेल्या पोच्याला मात्र आता मराठी बोलणारा काय आणि दखनी बोलणारा काय, दोघेही 'डेंट' म्हणतात. आमच्या जुन्या जालन्यातल्या गल्ल्यांत 'डेंटिंग-पेंटिंग' अशा पाट्या दिसतात, कुठे देवनागरीत, कुठे उर्दूत. शब्द इंग्रजीतून आला, पण त्यामागचे काम कुठून आले, हा प्रश्न आम्हांला पुष्कळ दिवस छळत होता.

इतिहास म्हटला की आपल्यापुढे किल्ले आणि लढाया उभ्या राहतात. जालन्याच्या वाट्याला त्याही आल्या आहेत. निजामुल्मुल्क आसफजाहच्या हुकमाने १७२५ मध्ये काबिलखानाने इथे गढी बांधली. २३ सप्टेंबर १८०३ ची असईची लढाई आजच्या जालना जिल्ह्याच्याच हद्दीत झाली. कुंडलिकेच्या एका काठाला जुना जालना आणि दुसऱ्या काठाला कादराबाद म्हणजे नवा जालना, हे इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण पत्रा सरळ करणाऱ्या हातांबद्दल कुठल्या गॅझेटियरात ओळ सापडत नाही. ज्यांचे हात होते त्यांनी लिहिले नाही आणि ज्यांनी लिहिले त्यांचे हात काळे झाले नव्हते. म्हणून हा इतिहास शब्दांवरून आणि कामाच्या रीतीवरूनच जुळवावा लागतो.

पोचा काढण्याचे काम मोटारीहून कितीतरी जुने आहे. तांबट भांड्याला आतून आधार लावून बाहेरून हातोडीचे हलके, एकसारखे घाव घालतो. त्याला मठारकाम म्हणतात. त्यात पत्र्यावर खुणा उमटतातच, पण खरा हेतू पत्रा ताठ आणि एकजीव करण्याचा असतो. मोटारीचे दार सरळ करताना कारागीर पत्र्याच्या आतल्या बाजूस लोखंडाचा गुळगुळीत ठोकळा धरतो आणि बाहेरून सपाट तोंडाची हातोडी चालवतो. त्या ठोकळ्याला 'डॉली' म्हणतात. भांडे आणि दार यांत फरक एवढाच की तांबटाला घाव दाखवायचा असतो आणि डेंटरला लपवायचा असतो.

दुसरा दुवा कल्हईचा. हा शब्द अरबी 'क़लई'वरून आला. क़लई म्हणजे कथील. अरब भूगोलकार मलायाच्या किनाऱ्यावरील ज्या ठिकाणाला 'कला' म्हणत, तिथले हे कथील, म्हणून क़लई. नवसागर टाकून, भांडे तापवून, कापसाच्या बोळ्याने कथील फिरवणारा कल्हईवाला पूर्वी गल्लोगल्ली दिसे. आता त्याचा मोटारीशी काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध आहे. आज खड्डा भरायला जी पॉलिएस्टर पुट्टी वापरतात ती १९५० नंतरची. त्याआधी जगभर मोटारीच्या पत्र्यातले खड्डे शिसे आणि कथील यांच्या मिश्रणाने भरत, आणि ते धरावे म्हणून पत्र्याला अगोदर कथलाचा पातळ हात देत. म्हणजे कल्हईच ती! आमच्या गल्लीतल्या एका वयोवृद्ध उस्तादांनी तरुणपणी हे काम केले आहे. शिसे पातळ होऊन ओघळू नये आणि घट्ट होऊन अडूही नये, मधल्या लोण्यासारख्या अवस्थेत ते लाकडी पट्टीने बसवायचे, असे ते हाताने दाखवतात. शिशाचा धूर किती विषारी असतो हे त्या वेळी त्यांना कोणी सांगितले नव्हते.

आता रंगाकडे वळू. वापरणारा कोणत्याही कंपनीचा रंग वापरो, आमच्याकडे मोटारीच्या रंगाला जुनी मंडळी 'ड्यूको' म्हणतात. ड्यूको हे अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीच्या रंगाचे नाव. मोटारी नव्या असताना त्यांना बग्गीचा रंग देत. तो हाताने लावायचा, थरावर थर, आणि वाळायला आठवडेच्या आठवडे लागत. फोर्डने १९१४ ते १९२५ या काळात आपली मॉडेल टी फक्त काळ्या रंगात विकली. पहिल्या महायुद्धात स्फोटकांसाठी नायट्रोसेल्युलोज, म्हणजे नत्राम्लात मुरवलेला कापूस, प्रचंड प्रमाणावर तयार होऊ लागला होता. युद्ध संपल्यावर त्या कापसाचे करायचे काय, या प्रश्नातून रंगाला वाट मिळाली. १९२४ च्या सालासाठी काढलेल्या जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्या ड्यूकोच्या निळ्या रंगात रंगल्या. जो थर वाळायला दिवस लागत तो आता तासांत वाळू लागला, आणि ब्रश जाऊन हातात हवेची गन आली. त्याच जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला मोटारी जोडण्याचा कारखाना काढला. पुढे १९५४ मध्ये तो बंद झाला. बंदुकीच्या दारूतून आलेला हा रंग कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगसाठी नावाजलेल्या जालन्याच्या माणसाला परका वाटू नये!

या रंगाच्या जातीचे इंग्रजी नाव 'लॅकर'. त्याचे मूळ आपल्याच 'लाखे'त आहे. संस्कृत लाक्षा, मग लाख, फारसी-अरबी 'लक', तिथून पोर्तुगीज आणि मग इंग्रजी. शब्द सातासमुद्रापार जाऊन डब्यावर बसून परत आला. रंगाच्या पहिल्या थराला आमचे कारागीर 'अस्तर' म्हणतात, तो फारसी. दुरुस्ती फारसी, मरम्मत अरबी. 'मिस्त्री' पोर्तुगीज 'मेस्त्रे'वरून. 'पत्रा' संस्कृत, झाडाच्या पानाचा सगोत्र. एका चेपलेल्या दारापाशी इतक्या भाषा उभ्या असतात आणि त्यांच्यात कधी भांडण होत नाही.

मराठवाड्यात हे काम मोठ्या प्रमाणावर आले ते खासगी मोटारींमुळे नव्हे, बसगाड्यांमुळे. निजाम स्टेट रेल्वेने १९३२ मध्ये २७ बसगाड्या आणि १६६ कर्मचारी घेऊन रस्ता वाहतूक सुरू केली. बस म्हणजे पत्राच पत्रा, आणि रस्ता म्हणजे खड्डाच खड्डा. तिला रोज कुठेतरी ठोकावे लागणारच. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले, १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि इथली एस.टी. पुढे महाराष्ट्राच्या महामंडळात मिसळली. महामंडळाच्या तीन मध्यवर्ती कार्यशाळांपैकी एक चिकलठाण्याला, म्हणजे त्या वेळच्या औरंगाबादला (आजच्या छत्रपती संभाजीनगरला) आली. दापोडी आणि हिंगणा या दुसऱ्या दोन.

इथे थोडे थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती आमच्या शाळेच्या दारापर्यंत येते. संस्थानाची राजभाषा उर्दू होती. १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शास्त्रे उर्दूतून शिकवत, आणि त्यासाठी १९१७ मध्ये स्थापन झालेल्या दारुत्तर्जुमाने हजारो पारिभाषिक शब्द घडवले. कारभाराची भाषा बदलल्यावर उर्दूतून शिकलेल्या घरांपुढचा नोकरीचा रस्ता अरुंद झाला. आजोबा महसुलात अहलकार, वडील कुठे पंपावर, आणि नातू गॅरेजात, अशी घरे आमच्या माहितीत एकाहून अधिक आहेत. गंमत अशी की दारुत्तर्जुमाचे शब्द कोशात राहिले, आणि त्याच नातवाने गॅरेजात कोणाच्या मंजुरीशिवाय जे शब्द घडवले ते मात्र रोज वापरात आहेत. न्या. सच्चर समितीने नोव्हेंबर २००६ च्या अहवालात मुसलमान कष्टकऱ्यांचे प्रमाण ज्या धंद्यांत अधिक दिसते असे नोंदवले त्यांत वाहनदुरुस्ती आहे. अहवालातला तो आकडा आमच्या गल्लीत हातोडीच्या आवाजात ऐकू येतो.

खासगी मोटार आमच्याकडे उशिरा आली. मुख्यतः फियाट आणि अँबॅसडर या दोन गाड्यांवर देशाने तीन दशके काढली. दोन्हींचा पत्रा जाड, ठोकून घेण्यास राजी. मुंबईच्या रस्त्यावर टॅक्सी म्हणून राहिलेली शेवटची प्रीमियर पद्मिनी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस नियमाप्रमाणे सेवेतून गेली. अँबॅसडरचे उत्पादन मे २०१४ मध्ये थांबले होते. १४ डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० आली आणि पत्रा पातळ झाला. आजच्या मोटारीच्या बाहेरच्या पत्र्याची जाडी साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर असते. गाडी हलकी झाली, पेट्रोल वाचले, पण कोपर टेकले तरी पोचा पडू लागला. जुन्या उस्तादांना नवी हातोडी शिकावी लागली.

अशाच एका जुन्या मारुतीचे दार आम्ही मे महिन्याच्या सुट्टीत घराच्या अंगणात सरळ केले. गल्लीत वळताना लोखंडी सळ्यांच्या हातगाडीने डावे दार हँडलच्या खाली चेपले होते. विम्याकडे जाण्यात अर्थ नव्हता. वाचकांना कामास यावा म्हणून हिशेब सांगतो. दावा केला की दरवर्षी साचत जाणारी, २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत चढणारी नो क्लेम सवलत जाते. पहिले हजार रुपये लहान गाडीच्या मालकानेच भरायचे असतात. वर घसारा: गाडी पाच ते दहा वर्षांची असेल तर लोखंडी भागावर ४० टक्के, त्यापुढे ५० टक्के. रंगकामाच्या बिलाचा चौथा हिस्सा साहित्याचा धरून त्यावरही ५० टक्के. एका पोच्यासाठी एवढे कोण करतो?

उस्ताद आले, आमचा एक माजी विद्यार्थी आला, आणि काम सुरू झाले. उस्तादांनी हातोडी उचललीच नाही. आधी काच फिरवण्याचा दांडा काढून आतली गादी उतरवली. मग दार धुऊन घेतले, संध्याकाळच्या तिरप्या उन्हात बघितले आणि त्यावर फडके ठेवून तळहात फिरवला. फडक्यामुळे हात अडत नाही आणि उंचसखल जास्त कळते. ते म्हणाले, "मास्टरसाब, गड्ढे को मत देखो, उसकी मेंड को देखो." पोचा पडताना पत्र्याच्या कडेला एक घडी पडते, आणि तीच खड्ड्याला खाली धरून ठेवते. मधल्या खोल भागावर आधी घाव घातला तर पत्रा ताणला जाऊन वाढतो. वाढलेला पत्रा मग कधी आत, कधी बाहेर, तेलाच्या डब्यासारखा डबडब वाजत राहतो. म्हणून आतून डॉलीचा दाब ठेवून बाहेरून कडेच्या उंचवट्यावर हलके घाव, बाहेरून आत सरकत. एवढ्याने निम्म्याहून जास्त पोचा आपसूक वर आला. एका जागी पत्रा ताणला होता. तिथे नाण्याएवढा ठिपका लाल तापवून त्यावर ओले फडके दाबले. तापलेला पत्रा फुगायला बघतो, भोवतीचा थंड पत्रा त्याला फुगू देत नाही, आणि निवताना तो आकसतो. बैलगाडीच्या चाकावर तापवून धाव चढवणाऱ्या लोहारालाही आकसण्याचे हे गणित पाठ होते.

पुढचे काम घाम काढणारे. ८० नंबरच्या कागदाने रंग उतरवून पत्रा उघडा केला, गंज साफ केला आणि पुट्टी लावली. पुट्टीत हार्डनर शेकडा दोनच्या आसपास घालतात. जालन्याच्या मेमध्ये ती पाच-सात मिनिटांत हातात बसते, म्हणून लिंबाएवढीच कालवायची. दोन-तीन मिलिमीटरहून जाड थर कधी द्यायचा नाही. हातोडीचा आळस पुट्टीने भरणारे कारागीर असतात, त्यांचे दार दोन पावसाळ्यांत तडकते. मग लाकडी गुटक्यावर कागद गुंडाळून घासणे. बोटांनी घासले तर बोटांच्या नाल्या पडतात. त्यावर प्रायमर, आणि प्रायमरवर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा. तो ४०० नंबरच्या पाण्याच्या कागदाने घासला की उंच जागेवरचा काळा जातो आणि खोलगट जागेत राहतो, म्हणजे दोष स्वतःच नाव सांगतो. इंग्रजीत त्याला 'गाईड कोट' म्हणतात. आमचा विद्यार्थी त्याला 'सुरमा' म्हणतो. आम्हांला त्याचाच शब्द बरा वाटतो.

काच आणि कडा झाकायला वर्तमानपत्र चिकटपट्टीने लावले. आमच्याकडे उर्दू वर्तमानपत्राचे पान रंगाखाली घालण्याआधी त्यावर आयत किंवा अल्लाहचे नाव नाही ना, हे बघतात. विद्यार्थ्याने सरळ मराठी पेपर घेतला, आणि त्यातही शोकसंदेशाचे पान बाजूला काढून ठेवले.

रंग पांढरा होता, मारुतीचा 'सुपीरिअर व्हाईट', कोड २६यू. गाडीच्या पट्टीवर असा कोड असतो, तो देऊनच रंग कालवून घ्यावा. साधा पांढरा घरी जमतो. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचे कण असतात, ते गनच्या हातानुसार आडवे-उभे बसतात आणि त्याच डब्यातला रंग दोन दारांवर दोन दिसतो. आमच्या दाराचा फक्त खालचा अर्धा भाग खराब होता, तरी रंग कडेपासून कडेपर्यंत पूर्ण दाराला दिला, कारण उन्हाने जुना पांढरा पिवळसर होतो आणि मध्येच थांबलेला रंग डोळ्यांत भरतो. दुपारच्या उन्हात रंग हवेतच वाळून पत्र्यावर संत्र्याच्या सालीसारखा बसतो; पावसाळ्यात लॅकरवर पांढुरकी झाक येते. म्हणून फज्रनंतर, ऊन आणि वारा चढण्याआधी, अंगणात पाणी शिंपडून धूळ बसवली आणि दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने तीन पातळ हात दिले. हार्डनरवाले दोन घटकांचे पॉलियुरेथेन रंग घरात मारू नयेत. त्यांतल्या आयसोसायनेटने दमा जडतो आणि तोंडाला बांधलेला रुमाल त्याला अडवत नाही. गल्लीतल्या कारागिरांच्या खोकल्याला बिडीचे नाव दिले जाते. गनचे नाव कोणी घेत नाही.

शेवटी दाराच्या तळाशी पाणी जायला असलेली बारीक भोके तारेने साफ केली. दार सडते ते आतून, याच भोकांत माती अडकून. कारखान्यात गाडीचा पूर्ण सांगाडा विजेच्या साहाय्याने रंग ओढून घेणाऱ्या हौदात बुडवतात, त्यामुळे अस्तर सांधीकोपऱ्यांत पोचते. जालना रस्त्यावर शेंद्र्यापर्यंत गेले तरी असे कारखाने दिसतात. अंगणात ते शक्य नाही. हातकामाची मर्यादा इथे आहे, आणि ती उस्तादांनी स्वतःच सांगितली.

आज मात्र हात मागे पडण्याचे कारण रंग नाही. मोठ्या वर्कशॉपात चेपलेले दार सरळ करण्याऐवजी बदलण्याकडे कल आहे. कुशल माणसाच्या तासांपेक्षा नवे दार हिशेबाला सोपे पडते, आणि काही गाड्यांचा पत्रा इतका कडक पोलादाचा असतो की त्याला तापवणे चालत नाही. काढलेले दार भंगारात जाते. जालना हे सळ्यांचे गाव. इथल्या भट्ट्यांत देशोदेशीचे भंगार वितळते, आणि २०२१ च्या वाहन-भंगार धोरणानंतर जुन्या गाड्यांची ही वाट अधिक रुंद झाली आहे. आमचे दार चेपणाऱ्या त्या हातगाडीवरच्या सळ्यांत कदाचित कुण्या दुसऱ्या मोटारीचे दार असेल.

दहावीनंतर आमच्या शाळेतली काही मुले गॅरेजात जातात आणि आमच्या रजिस्टरात त्यांच्या नावापुढे 'गळती' असा शेरा पडतो. तापलेला पत्रा आकसतो हे त्याला कळते, कोन आणि उजेड कळतो, रंगाचे प्रमाण तोंडी येते. पण परीक्षेत ऊष्माप्रसरणाच्या प्रश्नावर त्याला दोन गुण मिळालेले असतात. आय.टी.आय.च्या अभ्यासक्रमात 'मेकॅनिक ऑटो बॉडी रिपेअर' आणि 'मेकॅनिक ऑटो बॉडी पेंटिंग' असे एकेका वर्षाचे दोन स्वतंत्र ट्रेड आहेत, प्रवेश दहावीवर. या कामाला सरकारी प्रमाणपत्र मिळते, हे आमच्या गल्लीतल्या बहुतेक बापांना माहीत नसते. मुलगा 'काम पे लगा' एवढे त्यांना पुरते, आणि अठराव्या वर्षी तो ज्या मजुरीवर असतो, तिथेच तीसाव्या वर्षीही दिसतो.

या उन्हाळ्यापासून आम्ही आणि तो विद्यार्थी मिळून एक वही ठेवली आहे. डाव्या पानावर उर्दू, उजव्या पानावर मराठी. उस्ताद बोलतात, तो लिहितो. आतापर्यंत एकसष्ट शब्द झाले आहेत. हातोडीचे चार प्रकार आणि घासण्याच्या कागदाचे नंबर लिहून झाले. शिसे बसवण्याच्या लाकडी पट्टीचे नाव उस्तादांना अजून आठवत नाही. कादराबादला त्यांचे एक जुने साथीदार आहेत, त्यांना विचारायला येत्या जुम्म्यानंतर जायचे ठरले आहे.